रॅली राहू द्या, आधी गोळ्यांची पिशवी उघडा

२५ सप्टेंबर जवळ आला की आमच्यासारख्या मेडिकलवाल्यांना फार्मसी कॉलेजांचे फोन सुरू होतात. जागतिक फार्मासिस्ट दिन असतो, बॅनरवर 'सौजन्य' म्हणून टाकायला नावं हवी असतात. मग मुलं पांढरे ॲप्रन घालून चौकातून बसस्टँडपर्यंत घोषणा देत जातात, बीपी-शुगर तपासायचा टेबल लागतो, चार रोपं लागतात आणि सगळे फोटो कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या फाइलीत जातात. सामाजिक आरोग्यही झालं, पर्यावरणही झालं.

मला रॅलीचा राग नाही. पोरं एक दिवस उन्हात फिरतात, चांगलंच आहे. पण बीपी तर आमच्या आशाताईही तपासतात. फार्मसी शिकलेल्या मुलानंच करावं असं जे काम आहे, ते मात्र कुणीच करत नाही, यावर माझं बोलणं आहे.

मागच्या उन्हाळ्यात एका मावशींनी काउंटरवर गोळ्यांची पिशवी उपडी केली. कापड दुकानाची जुनी कॅरीबॅग, त्यात अर्धवट पट्ट्या. "भाऊ, पाय लई सुजायलेत, ह्यातली कोणती घिऊ?" बघितलं तर बीपीच्या दोन पट्ट्या. एक सरकारी दवाखान्यातली, दुसरी खासगी डॉक्टरांनी लिहिलेली. नावं वेगळी, रंग वेगळा, आत दोन्हीत अम्लोडिपिनच. मावशी दोन्ही रोज घेत होत्या. आता अम्लोडिपिननं घोट्याला सूज येऊ शकते, आणि डोस वाढला तर जास्त येते. ती सूज दाखवायला त्या तिसऱ्याच डॉक्टरांकडे गेल्या होत्या, त्यांनी लघवी होण्याची गोळी दिली. तीही पिशवीत होतीच. म्हणजे एका गोळीचा त्रास घालवायला दुसरी गोळी. यात कुठल्याही डॉक्टरांना दोष देता येत नाही, कारण तिघांपैकी कुणीच पिशवी बघितली नव्हती. मी दोन्ही पट्ट्यांवरचं बारीक अक्षरातलं नाव कागदावर लिहून दिलं आणि त्यांना परत पहिल्या डॉक्टरांकडे धाडलं.

असल्या पिशव्या घरोघरी आहेत. आणि त्या वाचायचं शिक्षण आपल्या बीड जिल्ह्यात शेकडो मुलं घेतायत. २०२० च्या नव्या नियमांपासून डी. फार्मला, म्हणजे फार्मसीच्या डिप्लोमाला, पहिल्याच वर्षी सोशल फार्मसी नावाचा विषय आहे, बी. फार्मला, म्हणजे पदवीला, आठव्या सेमिस्टरला सोशल अँड प्रिव्हेंटिव्ह फार्मसी आहे. डी. फार्मवाल्यांना वर ५०० तासांचं प्रशिक्षण सक्तीचं. ते ५०० तास कसे भरतात हे मेडिकलवाल्यांना विचारा. वडील येतात, फॉर्म पुढे करतात, "तेवढी सही मारा की, पोरगं पुण्याला असतंय." पुढे हेच सर्टिफिकेट कुणाच्या तरी दुकानात भाड्यानं टांगलं जातं. बोर्डावर नाव एकाचं, काउंटरला भलताच. मग पिशवी कोण वाचणार?

आमचा केज तालुका ऊसतोडीचा. दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात, मुकादमाची उचल घेतलेली असते, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात पाच-सहा महिने कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, काढायचे. यात बीपी-शुगरची माणसं किती तरी असतात. महिनाभराच्या गोळ्या घेऊन जातात, त्या संपल्या की संपल्या. मग अंगदुखीची गोळी मात्र रोज, कारण ती कारखान्याच्या टपरीवरही मिळते. बीपीची गोळी बंद आणि दुखण्याची चालू, हे किडनीला किती वाईट हे फार्माकॉलॉजीच्या पहिल्या वर्गातल्या पोराला कळतं. माझं म्हणणं इतकंच की कॉलेजांनी रॅली सप्टेंबरात काढण्याऐवजी टोळ्या निघायच्या आधी पंधरा दिवस गावात बसावं. प्रत्येकाची पिशवी बघावी, औषधाचं मूळ नाव मोठ्या मराठी अक्षरात कार्डावर लिहावं. जेनेरिकचं दुकान सांगलीत असो की बेळगावात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसोबत ते नाव सांगितलं की गोळी मिळू शकते. इन्सुलिन घेणारा असेल तर त्याला दाखवावं की दोन मातीची भांडी, मधे ओली वाळू, झाकणाला ओलं फडकं, एवढ्यावर चालू बाटली सावलीत सांभाळता येते. ती फ्रिजची जागा घेत नाही, पण पत्र्याच्या कोपीत पेटीवर ठेवण्यापेक्षा कितीतरी बरं.

आता पर्यावरणाचं. कॅम्पसवर अडुळसा, शतावरी, गुळवेल लावली, पाट्या रंगवल्या की ग्रीन कॅम्पस. लावा, अभ्यासाला लागतातच. पण प्रयोगशाळेत जाऊन बघा. डिस्टिलेशन चाललेलं असतं, वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरच्या नळीतून पाणी आत जातंय, दुसरीकडून थेट सिंकमध्ये. तास-दीड तास नळ चालू. ते पाणी घाण झालेलं नसतं, नुसतं कोमट झालेलं असतं. एक ड्रम आणि एक टिल्लू मोटर लावली तर तेच पाणी फिरत राहतं. ज्या भागात २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या कॉलेजात हे नको का सुचायला? ते लातूरचं पाणी आमच्याच तालुक्यातल्या धनेगावच्या मांजरा धरणातून जायचं. धरण आटलं आणि गाडी आली.

मांजरा नदीचीच आणखी एक गोष्ट. ती आमच्या बीड जिल्ह्यात बालाघाटावर उगम पावते, लातूर, बिदर करत तेलंगणात जाते आणि वळसा घालून नांदेडच्या हद्दीवर परत येऊन गोदावरीला मिळते. वाटेत तिला हैदराबादजवळच्या पाटणचेरूचा नक्कावागू नाला मिळतो. तिथे औषधांचे कारखाने. स्वीडनच्या संशोधकांनी तिथलं प्रक्रिया करून सोडलेलं पाणी तपासलं, २००७ साली ते छापून आलं, तर त्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लोक्सासिन हे अँटिबायोटिक सापडलं होतं. औषध चालू असलेल्या पेशंटच्या रक्तातही एवढं नसतं. अशा पाण्यात जंतू अँटिबायोटिकला सरावतात. नांदेडला विष्णुपुरीत विद्यापीठाचं स्वतःचं फार्मसी संकुल आहे, गोदावरीच्या काठालाच म्हणा. मांजरा नदीचा अभ्यास करायला याहून जवळचं कोण? वर्षातून दोनदा नमुने घेतले आणि मराठीत लोकांपुढे मांडले, तर ते दहा वृक्षारोपणांना भारी पडेल.

आणि गिधाडं. मी लहान असताना मेलेलं जनावर माळावर टाकलं की गिधाडांची रांग बसायची. जनावराला टोचलेल्या डायक्लोफेनॅक या दुखण्याच्या औषधानं, त्याचं मांस खाऊन, गिधाडांच्या किडन्या गेल्या. २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं, तर लोक माणसांचं मोठं इंजेक्शन नेऊन बैलाला टोचू लागले. म्हणून २०१५ मध्ये माणसांचीही बाटली ३ मिलीच्या वर नको असा नियम आला. आजही "बैल लंगडतोय, दुखायचं इंजेक्शन द्या" म्हणत गिऱ्हाईक येतं. त्याला नाही म्हणून गिधाडांना न बाधणाऱ्या मेलॉक्सिकॅमसाठी जनावरांच्या डॉक्टरकडे पाठवणं, हे काउंटरवरचं पर्यावरण.

राहिल्या मुदत संपलेल्या गोळ्या. दुकानातला माल आम्ही स्टॉकिस्टला, म्हणजे घाऊक विक्रेत्याला, परत करतो. घरातला कुठे जातो? उकिरड्यावर, नाहीतर चुलीत. पट्टी प्लॅस्टिकची, जळाली की विषारी धूर. घनकचऱ्याच्या नियमांप्रमाणे अशी औषधं बाकीच्या कचऱ्यापासून वेगळी गोळा करायची असतात. केरळनं कोझिकोडपासून अशी गोळा करायची योजना सुरू केलीय. आपल्याकडे नगरपंचायतीच्या घंटागाडीला याचा पत्ताच नाही. कॉलेजनं पेटी ठेवावी, महिन्याला मुलांनी यादी करावी, आणि माल दवाखान्यांचा जैविक कचरा नेणाऱ्या गाडीत द्यावा. त्या गाडीचे पैसे कोण भरणार हा प्रश्न येणारच. बॅनरचे भरतात तेच भरतील, आम्ही.

त्या यादीतून संशोधनही निघेल. कुठली गोळी सगळ्यात जास्त परत येते, कुठलं अँटिबायोटिक दोन दिवस घेऊन सोडलेलं, कुठलं टॉनिक उघडलंच नाही. गावात काय लिहिलं जातं आणि लोक काय खातात यातला फरक त्या पेटीत दिसेल.

यंदा फोन आला तर मी सौजन्य म्हणून नाव देणार नाही. त्याऐवजी दुकानाच्या कट्ट्यावर सकाळी नऊ ते अकरा दोन मुलांची जागा ठेवतो, चहा माझ्याकडून. टोळ्या निघेपर्यंत रोज यायचं, लोकांच्या पिशव्या उघडायच्या, कार्डं लिहायची. फॉर्मवर सही तास भरल्यावर.