चालून गुडघे झिजत नाहीत, मावशी

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज फिरतोय: ‘पन्नाशीनंतर गुडघ्यातलं वंगण संपतं. चालाल तितके गुडघे झिजतील. फिरणं बंद करा. बाभळीच्या शेंगांची पूड दुधातून घ्या, वंगण परत येईल.’ गेल्या दिवाळीत हाच वाचून मावशीने सिद्धेश्वर तलावाकाठचं फिरणं सोडलं.

आधी वंगणाचं. गुडघा म्हणजे लूमचं बेअरिंग नव्हे, तेल आटलं की कुरकुरायला. सांध्यात द्रव असतो. गुडघ्याच्या झिजेच्या आजारात, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, सूज आली की तो उलट वाढतो, कधी डॉक्टर सुईने काढतातही. बिघडते ती कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण, तिच्याखालचं हाड आणि सांध्याचं अस्तर. पूड पोटात जाते, पचते. तिचं वंगण होत नाही.

आता चालणं. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. पाऊल टेकलं की ती दबते, उचललं की फुलते. या दबण्या-फुलण्यातच तिला द्रवातून पोषण मिळतं. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या, गुडघ्यात झीज असलेल्या १,२०० हून अधिक लोकांची पाहणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. व्यायाम म्हणून चालणाऱ्यांत गुडघा नव्याने वारंवार दुखू लागण्याचं प्रमाण कमी निघालं. पाहणीच ती, अंतिम निकाल नव्हे. पण मेसेजवाल्याकडे तेवढंही नाही.

मग दुखणं वाढतं कशाने? वजनाने, सगळ्यात आधी. एक किलो उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने हलका होतो. मावशीचं फिरणं थांबलं आणि वजन वाढलं, मांडीचे स्नायूही ढिले पडले. म्हणजे मेसेजने गुडघा वाचवला नाही, घालवला. शिवाय जुनी दुखापत, गुडघ्यातल्या दोन हाडांमधली गादी फाटलेली असणं, पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असणं. आणि उकिडवं बसून तासन्‌तास काम. मावशीने तीस वर्षं सूप मांडीवर घेऊन विड्या वळल्या, वर नळाखाली उकिडवं बसून घरभराचं धुणं. त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही, दोष फक्त सकाळच्या फेरीला!

गुडघा सुजून गरम झाला, अडकू लागला, तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं. तेव्हा रेटून चालायचं नाही.

मावशी आता तलावाची अर्धी फेरी मारते, कट्ट्यावर टेकते, उरलेली मारते. धुण्याला स्टूल घेतलंय. पूड मात्र चालूच आहे.