पिक्सेल वाढले म्हणून थ्रीडी चांगलं दिसत नाही

दोन डोळ्यांना वेगवेगळी चित्रं दाखवून खोलीचा (वस्तू पुढे-मागे असल्याचा) भास देणाऱ्या थ्रीडी टीव्ही-सिनेमाच्या अपयशाचं एक सोपं कारण सगळीकडे शेअर होतं: रिझोल्यूशन कमी पडलं. प्रत्येक डोळ्याला पूर्ण ४के द्या, खोली वाढवा, की दर्जा वाढलाच. डोकं दुखणाऱ्यांचे डोळे कमजोर असतात. आणि चष्म्याची कटकट गेली की सगळंच जमेल. एकेक विधान घेऊ.

रिझोल्यूशनच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. पोलराइज्ड (प्रत्येक काच आपल्याच डोळ्याचं चित्र आत सोडते अशा) चष्म्याच्या टीव्हीवर १०८० ओळी दोन डोळ्यांत वाटल्या जात, म्हणजे एकेका डोळ्याला ५४०. पण मेंदू दोन चित्रांची नुसती सरासरी काढत नाही. एक चित्र किंचित धूसर आणि दुसरं स्वच्छ असेल, तर एकत्र दिसणारं चित्र बरंचसं स्वच्छ वाटतं. म्हणून तर व्हिडिओ कॉम्प्रेस करताना एका डोळ्याचं चित्र मुद्दाम कमी तपशिलाचं ठेवण्याची युक्ती निघाली. तीच बचत चौकटी-चौकटी दिसण्याइतकी ताणली, तर मात्र दुसऱ्या डोळ्याचं स्वच्छ चित्र ती तितकीशी झाकत नाही. शिवाय चष्मा प्रकाश खातो. अंधूक पडद्यावर रंग आणि कॉन्ट्रास्ट मरतात, तिथे ४के काय करणार?

खोलीबद्दलचा दावा सगळ्यात चुकीचा, आणि डोकेदुखीचं मूळही तिथेच आहे. एरवी एखादी वस्तू पाहताना दोन्ही डोळे तिच्याकडे वळतात आणि भिंगही त्याच अंतरावर फोकस करतं. दोन्ही क्रिया एकमेकींना बांधलेल्या. थ्रीडीत वस्तू पडद्यापुढे आल्यासारखी दिसते, डोळे त्या काल्पनिक बिंदूकडे वळतात, पण चित्र स्पष्ट दिसायचं तर फोकस पडद्यावरच ठेवावा लागतो. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली फोकसचं अंतर बदलता येणारा डिस्प्ले वापरून दाखवलं की ही फारकत डोळे थकवते आणि दोन चित्रं जुळवायला जास्त वेळ लावते. खोली जितकी ताणाल तितकी फारकत मोठी. एका डोळ्याचं चित्र दुसऱ्यात झिरपलं तर दिसणाऱ्या भुतासारख्या कडाही खोलीबरोबर ठळक होतात.

आणि ही खोली फाइलमध्ये ठरत नाही. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर सरासरी ६.३ सेंटीमीटरच्या आसपास असतं. छोट्या पडद्यासाठी बेतलेलं दृश्य मोठ्या पडद्यावर नेलं की दूरच्या वस्तूच्या दोन प्रतिमांतलं अंतर त्याहून वाढू शकतं. मग डोळ्यांना बाहेरच्या बाजूला फाकावं लागतं, जे ते एरवी कधीच करत नाहीत. फाइल तीच, रिझोल्यूशन तेच, अनुभव बिघडलेला.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या थ्रीडी टीव्हीच्या चाचणीविषयक शिफारशीत चित्राचा दर्जा, खोलीचा दर्जा आणि डोळ्यांना वाटणारा आराम असे तीन वेगळे निकष आहेत. पहिल्यात चांगले गुण मिळवून तिसऱ्यात सपशेल आपटणारं दृश्य बनवणं अजिबात अवघड नाही.

राहिले ‘कमजोर डोळे’. दोन डोळ्यांचा मेळ नीट नसलेल्यांना त्रास जास्त होऊ शकतो, हे खरं. पण वरची फारकत धडधाकट डोळ्यांतही होतेच. ज्यांना दोन डोळ्यांची खोली जाणवतच नाही, त्यांना तर थ्रीडी बहुधा सपाटच दिसतं. प्रेक्षकाला दोष देण्याआधी दोन कॅमेरे वर-खाली सरकलेले नाहीत ना, एवढं तरी बघावं. उभ्या दिशेचा फरक जुळवायला डोळे फारच कच्चे असतात.

आणि चष्मा? तो गेला तरी फोकस पॅनलवरच राहतो, म्हणजे मूळ भांडण तसंच. वर पॅनलचे पिक्सेल अनेक कोनांत वाटावे लागतात आणि योग्य जागेवरून डोकं सरकलं की चित्रातली खोली उलटीपालटी होते. २०११ साली आलेल्या निन्टेन्डो थ्रीडीएस या हातात धरायच्या गेम कन्सोलला चष्मा लागत नव्हता. तरी कंपनीने खोली कमी करण्याची, अगदी शून्यावर नेण्याचीही, सरकपट्टी पडद्याशेजारीच दिली होती.