चाळीस वॅटचा माणूस

"फक्त 40?"

हे दुकानदाराने विचारलं नाही. विचारलं शेजारी उभ्या असलेल्या, माझा काडीचाही संबंध नसलेल्या आणि बहुधा रिमोटचे सेल घ्यायला आलेल्या एका गृहस्थांनी. मला झोपायच्या खोलीसाठी परवडतील असे दोन बुकशेल्फ स्पीकर हवे होते, एवढंच.

"आमच्या टेपला 2000 वॅट होते."

विक्रेत्या पोराने आदराने मान डोलावली. मला तो 'काका' म्हणत होता. ह्यांना तेव्हापासून 'सर' म्हणू लागला. चार दिवस झाले, अजून सलतंय.

ते 2000 म्हणजे पीएमपीओ, क्षणभराच्या कमाल पॉवरचा आकडा. तो मोजायची कुठलीही ठरलेली पद्धत नाही. खोक्यावर जेवढी जागा तेवढी शून्यं. टेप चालायचा 6 मोठ्या सेलवर, म्हणजे 9 व्होल्टवर. तेवढ्यावर 2000 वॅट काढायला 220 अँपिअरहून जास्त करंट लागेल. एवढ्यात वेल्डिंग होतं, गाणी होत नाहीत.

"हे आरएमएस आहेत," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"सतत देता येणारी पॉवर."

"आमचा सततच चालायचा."

ह्यावर काय बोलणार? मुळात आधी वॅट बघायचेच नसतात, सेन्सिटिव्हिटी बघायची. 87 डेसिबल लिहिलं असेल तर 1 वॅट दिल्यावर 1 मीटरवर तेवढा आवाज. 84 वाल्याला त्याच आवाजासाठी दुप्पट वॅट लागतात. रात्री पलंगावर पडून, दोनेक मीटरवरून ऐकायला 87 वाल्या जोडीतल्या प्रत्येकाला वॅटचा दहावा हिस्सा पुरतो. तबल्याची थाप पडली की क्षणभर 10 वॅट. उरलेले 30 त्या गृहस्थांना दाखवायला.

तोवर त्यांनी मडकं वाजवून घ्यावं तशी कॅबिनेटवर बोटं आपटली. "पोकळ आहे."

आणि खरंच होतं! बाजूच्या फळ्या पातळ, आत आडवा आधार नाही, टणटण वाजली. अशी फळी प्रत्येक गाण्यात आपला सूर मिसळते. मी तोच घेणार होतो. (त्यांना हे सांगितलं नाही.)

पोराने मग दुसरी जोडी लावली, महागाची, आणि गुपचूप आवाज वाढवला. हा जुना डाव आहे. दोन स्पीकरांपैकी जो जरासा मोठ्याने वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. मी आवाज समान करायला लावला, तर पोराचा चेहरा पडला आणि महागाच्या जोडीचा तोराही.

शेवटी सव्वापाच इंची वूफरची, म्हणजे बास (खालचे सूर) काढणाऱ्या भागाची, जोडी ठरली. साडेसहा इंची आणखी खालच्या सुरांपर्यंत जाते खरी, पण लहान खोलीत त्या बासला पळायला वाट नसते. तो कोपऱ्यात साचतो. गादी आणि पडदे वरचे सूर पितात, बासचं काही वाकडं करू शकत नाहीत.

गृहस्थांनी स्पीकर उलटा करून मागच्या पोर्टमध्ये, म्हणजे बाससाठी मुद्दाम ठेवलेल्या भोकात, बोट घातलं. "हा फुटका आहे. बुजवून घ्या."

मी निघून आलो.

आता खरी तक्रार. ह्यांना बुकशेल्फ म्हणायचं आणि पोर्ट मागे ठेवायचा, ही कोणाची अक्कल? शेल्फात पुस्तकांमध्ये कोंबले की पोर्टसमोर भिंत येते आणि प्रत्येक गायक रांजणात उतरून गातो. मागे निदान वीतभर जागा हवी, ट्वीटर (वरचे सूर काढणारा छोटा भाग) कानाच्या उंचीवर हवा. पलंगावर पडलेल्या माणसाचा कान कुठे असतो? गुडघ्याच्या उंचीवर! म्हणजे स्पीकर खाली, किंवा टेकवून पुढे झुकवलेले. कपाटावर ठेवले तर ट्वीटर छताला ऐकवत बसतो.

त्यात एका बाजूची तांबडी-काळी वायर उलटी लागली. बास गायब, गायक मधोमध उभा राहीना. स्पीकर परत करायच्या बेतात होतो, तेवढ्यात वायर दिसली. सोळा गेजची साधी तांब्याची वायर होती. तिचा दोष नव्हता.

खोली अरुंद, त्यामुळे भिंतीपासून वीतभर जागा काही निघाली नाही. बास घुमतच राहिला. अशा वेळी पोर्टमध्ये फोमचा बोळा घालतात. बास थोडा कमी होतो, पण आटोपशीर होतो. खोक्यात बोळे नव्हते. दुकानात विचारायला गेलो असतो, पण ते गृहस्थ तिथेच असतील अशी भीती वाटली.

मोजे घातलेत. दोन्ही स्पीकरांना एकेक. फुटके होते, बुजवून घेतले.