पिकअप आणि थरथरीच्या तक्रारीवर गॅरेजचं उत्तर

नमस्कार साहेब,

गाडीला पिकअप नाही आणि आयडलला इंजिन थरथरतं म्हणून तुम्ही गाडी दिलीत. आम्ही डिझेल फिल्टर बदलला, ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) साफ केला, आणि चौथ्याच दिवशी जुन्या कात्रज घाटात गाडी पुन्हा बसली, म्हणजे तिचा दम गेला. दुसऱ्या गॅरेजने चारही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) बदलायला सांगितले. 'हे लोक अंदाजाने पार्ट बदलतात' असं तुम्ही लिहिलंय.

ईजीआरबाबत तुमचं बरोबर आहे. स्कॅनरवर व्हॉल्व्हची मागणी आणि प्रत्यक्ष उघडझाप जुळत होती, म्हणजे तो अडकलेला नव्हता. ती सफाई तुम्हाला न विचारता करायला नको होती. तिची मजुरी परत करतो.

फिल्टर मात्र बदलायलाच हवा होता. स्कॅनरवर दोषाचा कोड पी ००८७ होता, म्हणजे रेलमध्ये (चारही इंजेक्टरना जास्त दाबाने डिझेल पुरवणारी सामाईक नळी) दाब कमी. फिल्टर चोक झाला की पंपाला डिझेल पुरत नाही आणि हाच कोड येतो. तुमच्या जुन्या फिल्टरच्या तळाला पाणीही निघालं.

चूक त्यानंतर झाली. नवा फिल्टर बसवल्यावर रेल प्रेशर आम्ही आयडललाच पाहिलं आणि सपाट रस्त्यावर एक फेरी मारली. आयडलला साधारण ३०० बार लागतात. गळका इंजेक्टर किंवा थकलेला पंपही तेवढं सांभाळून नेतो. घाटात तिसऱ्या गिअरवर ॲक्सिलरेटर दाबला की मागणी १००० बारच्या वर जाते. तिथे प्रत्यक्ष दाब मागे पडला की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गाडी लिम्प मोडमध्ये टाकतो, म्हणजे इंजिनची ताकद मुद्दाम कमी करतो. शिवाय अशा रेलच्या, म्हणजे कॉमन रेल इंजिनच्या पंपाला आणि इंजेक्टरला वंगण डिझेलचंच मिळतं, पाण्याने ते आतून गंजतात. पाणी दिसलं तेव्हाच आम्ही पुढची तपासणी करायला हवी होती.

तरीही चार इंजेक्टरची ऑर्डर आज देऊ नका. आधी रिटर्न टेस्ट होऊ द्या. इंजिन पूर्ण गरम करायचं, चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या) काढून एकसारख्या चार बाटल्यांत सोडायच्या, आणि आयडलला व मग २००० आरपीएमला मिनिटभर चालवून पातळी पाहायची. थंड इंजिनवर ही टेस्ट फसवते, कारण गरम डिझेल पातळ होतं आणि गळती तेव्हाच उघडी पडते. एकच बाटली इतरांपेक्षा दुपटीने भरली तर दोषी तो एक इंजेक्टर. चारही सारख्या आणि कमी भरल्या, तर संशय पंप, त्यावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह किंवा रेलच्या प्रेशर व्हॉल्व्हवर जातो. मग इंजेक्टरचा खर्च वाया.

थरथरीचं कारण वेगळंही असू शकतं. स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरचं करेक्शन दिसतं, म्हणजे इंजिन एकसारखं चालावं म्हणून ईसीयू त्याचं डिझेल किती कमी-जास्त करतो ते. तीन शून्याच्या जवळ आणि एक फार वर असेल तर तो सिलिंडर कमजोर, पण कमजोरी इंजेक्टरची की कॉम्प्रेशनची (सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेच्या दाबाची) हे त्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून कॉम्प्रेशन टेस्टही हवी. इंजिन चालू ठेवून डिलिव्हरी पाइपचा नट सैल करून 'मिसिंग' शोधायची जुनी पद्धत कॉमन रेलवर कोणालाही करू देऊ नका. त्या दाबाची धार कातडीतून आत शिरते.

इंजेक्टर बदलावा लागलाच, तर तो बसतो ती सीट साफ करून तांब्याचा वॉशर नवाच टाकायचा, नाहीतर कॉम्प्रेशन बाहेर फुसफुसतं आणि भोवती डांबरासारखा काळा थर साचतो. इंजेक्टरवरचा कोड ईसीयूत भरायचा, तो राहिला तर नव्या इंजेक्टरनेही इंजिन खडखडतं.

या दोन्ही टेस्ट आणि स्कॅनर लावून घाटातली फेरी आम्ही पैसे न घेता करू. फेरीला तुम्ही सोबत बसा, मागणी आणि प्रत्यक्ष दाब दोन्ही आकडे तुमच्यासमोर असतील. सकाळी आलात तर इंजिन गरम करून दुपारपर्यंत उत्तर मिळेल. तोवर दोषाचा कोड कोणाकडूनही उडवून घेऊ नका. गाडी बसली त्या क्षणाचा आरपीएम, लोड आणि तापमान त्याच्यासोबत साठलेलं असतं.