नमस्कार, उधारी पाटील!

रावेरला माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की दुपारी गिऱ्हाईक तर सोडाच, माशीसुद्धा फिरकत नाही. अशाच एका रिकाम्या दुपारी पुण्याच्या भाच्यानं फोनवरून मला व्हॉट्सॲपचे निरोप आपोआप पाठवणारी सेवा घ्यायला लावली. तशी ब्रॉडकास्ट लिस्ट होतीच. तिच्यात 256 माणसं मावतात, पण ज्यानं आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. आता ज्याच्याकडे माझी बाकी आहे, तो माझा नंबर सेव्ह कशाला ठेवील?

सुरुवात क्यूआर कोडपासून. लॅपटॉपवर कोड यायचा, मी चष्मा शोधायचो, चष्मा मिळेपर्यंत कोड बदललेला. चष्मा नाकावर बसला तर फोनमधलं 'लिंक केलेली डिव्हाइस' सापडेना. तिसऱ्या खेपेला सगळं जुळलं आणि लाइट गेली.

"मामा, आता बॅटरी ऑप्टिमायझेशन काढा."

"अरे, या फोनची बॅटरी निघत नाही."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग सेटिंग, ॲप्स, बॅटरी असं एकेक पायरी तळघरात उतरत गेलो, तेव्हा कुठे 'अनरिस्ट्रिक्टेड' सापडलं. एवढी मोकळीक मला घरात आजवर कुणी दिलेली नाही. पुढे लॅपटॉपवरचं क्रोम. पॉप-अपला परवानगी, नोटिफिकेशनला परवानगी, मेमरी सेव्हर बंद. कारण पडून असलेला टॅब तो निजवून टाकतो. लॅपटॉपलाही 'स्लीप: नेव्हर'. भर मे महिन्यात दुपारी कुणी झोपायचं नाही, असा हुकूम रावेरात पहिल्यांदाच निघाला असेल.

एवढं करून मी जेवायला गेलो, तर बायकोनं "धूळ बसते" म्हणून लॅपटॉपचं झाकण लावलं. झाला गार! झाकणाची सेटिंग वेगळी असते, हे भाच्यालाही तेव्हाच आठवलं. फोन मात्र तापून 'थंड होऊ द्या' म्हणायला लागला. त्याला ओल्या पंचावर, माठाशेजारी निजवला.

चारच्या सुमारास निरोप सुटले: नमस्कार, पुढे गिऱ्हाइकाचं नाव, ठिबकची खतं आली आहेत. नाव यंत्र माझ्या फोनमधूनच उचलणार होतं. आणि माझ्या फोनमध्ये नावं कशी? 'चिडका चौधरी'. 'महाजन फोन उचलत नाही'. 'उधारी पाटील'.

पहिला फोन चौधरींचा आला. नाव खोटं नव्हतं, एवढंच सांगतो. महाजनांना मीच चार वेळा लावला. त्यांनी उचलला नाही.

दिवेलागणीला पाटील स्वतः आले. बसले नाहीत. नोटा मोजून काउंटरवर ठेवल्या.

"निम्मे आहेत भो. आता ते नाव बदलून टाक."

मी चष्मा लावला, 'उधारी' खोडलं आणि 'निम्मी उधारी पाटील' असं लिहिलं. सेव्ह झालेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत गडी पायरी उतरला नाही.