कॅनोपी उघडल्यानंतरची चार मिनिटं

गेल्या आठवड्यात आमच्याकडच्याच एका पोराने मला व्हिडिओ पाठवला. रत्नागिरीकडचा आहे, गल्फमध्ये नोकरीला, सुट्टीच्या दिवशी स्कायडायव्हिंगला, म्हणजे विमानातून पॅराशूट घेऊन जंप मारायला जातो, १८० जंप झाल्यात. व्हिडिओत तो उतरताना दोन्ही फ्रंट रायझर, म्हणजे खांद्यावरून पॅराशूटकडे जाणारे पुढचे पट्टे, ओढून वेग घेतो आणि गवतावर पाय घासत लांबपर्यंत जातो, दिसायला एकदम झकास, आणि खाली लिहिलेलं, "ताई, आता १३५ घेतोय, सेकंडहँड चांगली मिळतेय." १३५ म्हणजे १३५ चौरस फुटांची लहान कॅनोपी, पॅराशूटचं डोक्यावरचं कापड. मी मेसेज नाही केला, सरळ फोन लावला आणि सांगितलं, बाबा नको घेऊस, अजून वर्षभर तरी नको. तर चिडला. म्हणाला तू स्वतः पडलीस म्हणून सगळ्यांना घाबरवतेस. फोन ठेवून दिला त्याने. त्यानंतर ब्लू टिक येतात, उत्तर येत नाही.

म्हणून हे इथे लिहितेय, त्याच्यासाठी आणि आपल्याकडच्या त्या सगळ्या पोरापोरींसाठी जे आता दुबई, थायलंड, स्पेन कुठे कुठे जाऊन लायसन्स घेऊन येतायत. मला याचा खूप आनंद आहे हे आधी सांगते. पुण्याच्या शीतल महाजनने २००४ मध्ये थेट उत्तर ध्रुवावर उडी मारली तेव्हा मी शाळेत होते, पेपरातला तो फोटो कापून वहीत चिकटवलेला, त्याच फोटोमुळे मी या खेळात आले. त्यामुळे कोणी जंप करूच नका असं मी कधीच म्हणणार नाही.

पण लोकांना, आणि नवीन जंपर्सना सुद्धा, वाटतं की धोका म्हणजे पॅराशूट न उघडणं. घरी आई अजून हेच विचारते, उघडलं ना गं नीट? आता खरं असं आहे की न उघडण्याचा विषय बराचसा मार्गी लागलाय. जर्मनीच्या हेल्मुट क्लोथने १९९१ मध्ये सायप्रेस बाजारात आणलं, म्हणजे तुम्ही काहीच नाही ओढलंत तरी ठरलेल्या उंचीवर रिझर्व्ह (राखीव, दुसरं पॅराशूट) उघडायला लावणारं छोटं यंत्र, आणि त्यानंतर तसे मृत्यू खूप कमी झाले. मग लोक जायबंदी कुठे होतात? चांगल्या, पूर्ण उघडलेल्या, काहीही बिघाड नसलेल्या कॅनोपीखाली. शेवटच्या काही शे फुटांत. आणि बऱ्याचदा जमिनीजवळ मारलेल्या एका वळणामुळे.

माझी गोष्ट सांगते, कारण त्या पोराने तीच काढली.

७४ वी जंप. माझं वजन ५४ किलो, गिअर, हेल्मेट, सूट धरून ६५, म्हणजे साधारण १४३ पाउंड. आधी मी भाड्याची १७० चौरस फुटांची कॅनोपी उडवायचे. वारा जरा वाढला की ती मला पुढे जाऊच द्यायची नाही, बाकीचे उतरून कॅनोपी गोळा करून चहा प्यायला गेलेले असायचे आणि मी अजून वरच. मग सगळे म्हणायला लागले तू हलकी आहेस, तुला लहान लागते, आणि विकणाऱ्याने तर सांगितलं १३५ बिनधास्त घे, तुझं विंग लोडिंग एकच्या आसपास येतं, सेफ आहे. विंग लोडिंग म्हणजे गिअरसकट वजन पाउंडात, भागिले कॅनोपीचे चौरस फूट. १४३ भागिले १३५ म्हणजे १.०६. कागदावर काही चूक नाही.

चूक कुठे होती ते मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. कॅनोपी लहान झाली की तिच्या दोऱ्या पण आखूड होतात, आणि मग तेच विंग लोडिंग असलं तरी ती लवकर वळते, लवकर डाइव्ह करते. गिअरसकट ९० किलोचा माणूस १९० च्या कॅनोपीखाली आणि ६५ किलोची मी १३५ च्या खाली, दोघांचा आकडा जवळपास सारखाच, पण वागणं अजिबात सारखं नाही. हलक्या मुलींना तर हे ओरडून सांगायला पाहिजे, आणि नेमकं त्यांनाच सगळे म्हणतात लहान घे, लहान घे.

त्या दिवशी दुपार. वारा फिरलेला. मी फायनलवर, म्हणजे उतरायच्या शेवटच्या सरळ टप्प्यात आले, ३०० फुटांच्या खाली, आणि समोर बघते तर एक पिकअप गाडी उभी. थोडंसं वळले असते तरी पुरलं असतं, पण मी घाबरले आणि उजवा टॉगल, म्हणजे कॅनोपी वळवायचं हँडल, छातीपर्यंत ओढला. कॅनोपी एका बाजूला झुकली, मी बाहेर फेकली गेले, आणि क्षितिज तिरकं झालेलं मला आठवतंय. नंतर व्हिडिओ बघितला, उंची फार तर ६० फूट असेल. डाइव्हमधून कॅनोपीला सरळ व्हायला जेवढी उंची लागते तेवढी खाली शिल्लकच नव्हती. फ्लेअर मी केला, म्हणजे वेग मारायला दोन्ही हात खाली खेचले, पण उशीर झालेला. उजव्या घोट्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. सुक्या झावळीवर पाय पडल्यावर जसा होतो ना, तसाच.

घोट्यात प्लेट आणि सहा स्क्रू. आणि गाडीपासून मी तशी बरीच लांब पडले होते. म्हणजे काहीच केलं नसतं, नुसते हात वर ठेवून सरळ येऊन फ्लेअर केला असता, तरी कदाचित गाडीच्या अलीकडे उतरले असते. हे मला अजून छळतं.

पावसाच्या तोंडावर हर्णैला घरी आले. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या, काका रिकामा, तो पडवीत जाळी दुरुस्त करत बसायचा आणि मी पाय उशीवर ठेवून त्याच्या शेजारी. तीस वर्षं तांडेल, होडीचा म्होरक्या, होता तो. मी त्याला सगळं समजावून सांगितलं, टॉगल म्हणजे काय, फ्लेअर म्हणजे काय, हाताने करून दाखवलं. तो ऐकून घ्यायचा, मध्येच एखादा प्रश्न विचारायचा. एके दिवशी त्याने विचारलं, "बाय, ही नवी तुझी, हिला तू वर असताना वळवून बघितलंस किती वेळा?"

मला उत्तर देता आलं नाही. खरं उत्तर होतं, जवळपास नाहीच. वरून खाली येताना मी समुद्र बघत यायचे, व्हिडिओ काढायचे.

मग तो आंजर्ल्याच्या खाडीबद्दल बोलायला लागला. तिथे तोंडाशी वाळू साठते, ओहोटीला पाणी कमी, लाट उभी राहते, वादळात सगळ्या होड्या आसऱ्याला तिथेच धावतात आणि तिथेच उलटतात पण. म्हणाला, मी नव्या पोराच्या हातात सुकाणू देतो ते बाहेर खोल पाण्यात, तिथे त्याने हवी तेवढी चूक करावी. तोंडाशी आलो की सुकाणू माझ्याकडे. तोंडाशी कोण शिकतो काय?

आम्ही सगळे नेमकं तोंडाशीच शिकतो. फ्री फॉलसाठी, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधीच्या पडण्यासाठी, दोन दोन तास विंड टनेलमध्ये, खालून वारा सोडणाऱ्या बोगद्यात, पैसे घालवायचे, आणि कॅनोपी मात्र उतरता उतरता येईल तशी. एका जंपमध्ये फ्री फॉल मिनिटभराचा, कॅनोपीखाली तीन-चार मिनिटं, आणि सगळी चर्चा त्या एका मिनिटाची.

बरी झाल्यावर परत गेले तेव्हा मी १७० च घेतली आणि नुसते हॉप अँड पॉप केले, ५,००० फुटांवर विमानातून बाहेर, लगेच उघडायची आणि २,००० च्या वर जेवढी उंची मिळेल तेवढी सगळी शिकण्यात घालवायची. अर्ध्या ब्रेकमध्ये, म्हणजे दोन्ही टॉगल अर्ध्यावर ओढून, किती सावकाश उडते. स्टॉल, म्हणजे कॅनोपी उडायचीच थांबणं, नेमका हात कुठे आल्यावर होतो. पूर्ण वळणातून सरळ व्हायला किती सेकंद लागतात, आणि तेवढ्यात अल्टिमीटरवर किती फूट गेले, हे बघितल्यावर तर माझे डोळेच उघडले. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फ्लॅट टर्न. दोन्ही टॉगल अर्ध्यावर धरायचे आणि मग एक थोडासा वर सोडायचा, किंवा दुसरा थोडासा खाली. कॅनोपी फारशी झुकत नाही, फारशी डाइव्ह करत नाही, नुसतं तोंड फिरवते. त्या दिवशी पिकअपसमोर मला एवढंच यायला हवं होतं. एवढंच.

आणि ते नाही जमलं, तर वारा पाठीवर घेऊन उतरावं. लोकांना वाऱ्याबरोबर उतरायची भयंकर भीती वाटते, त्या भीतीने शेवटच्या क्षणी वळतात आणि मोडून घेतात. कॅनोपी समतल ठेव, मोकळी जागा बघ, निदान अर्धा फ्लेअर कर, पाय जुळवून पीएलएफ कर, म्हणजे अंग बाजूने लोळवत पड, लोळलीस तर लोळलीस. कपडे मातकट होतील. त्या उंचीवर वळण मारणं हे त्यापेक्षा कितीतरी वाईट.

आता आकड्यांचं. ब्रायन जर्मेन हे या विषयात जगभर मानलं जाणारं नाव, स्वतः कॅनोप्या डिझाइन करणारा माणूस, त्याचा साधा हिशोब असा की सुरुवातीला विंग लोडिंग १.० च्या वर नको आणि मग दर १०० जंपमागे फार तर ०.१ वाढवा. आपला पोरगा गिअरसकट ९२ किलो, म्हणजे २०३ पाउंड, भागिले १३५, दीड झाले की रे. १८० जंपवर हिशोबाने येतात १.१. आणि त्यात तू फ्रंट रायझर ओढून वेग घेतोयस. स्पर्धेतले पायलट दीड मीटर उंचीच्या गेटमधून तळ्याच्या पाण्यावर ताशी शंभरच्या वर वेगाने जातात ते बघून सगळ्यांना तसंच करावंसं वाटतं, मला पण वाटतं, पण त्यांच्या मागे हजारो जंप असतात, खाली पाणी असतं, आणि शिकवणारा माणूस बाजूला उभा असतो.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे की ड्रॉपझोनवर, म्हणजे जंपच्या मैदानावर, सगळ्यांना दिसत असतं आणि कोणी बोलत नाही. स्वूपच्या, म्हणजे वेगाने जमिनीलगत घासत जाण्याच्या, व्हिडिओला तीनशे लाइक, आणि नीट पॅटर्न उडवून, १,००० फुटांना वाऱ्याबरोबर (डाउनविंड), ६०० ला आडवं (बेस), ३०० ला वाऱ्याकडे तोंड (फायनल), शांतपणे दोन पायांवर उतरलेल्याकडे कोणी बघत पण नाही. कोणी बोललंच तर समोरून लगेच, माझ्या एवढ्या जंप झाल्यात, मला शिकवू नकोस. आपल्यात तर अजून वाईट, वयाने मोठ्याला सांगायचं म्हणजे उद्धटपणा आणि लहान्याला सांगितलं तर त्याचा अपमान. माझ्या वेळी तिथे निदान चार जणांना कळत होतं की ही १३५ वर तयार नाही. त्यातला एक नंतर मला हॉस्पिटलमध्ये येऊन म्हणाला, मला वाटलंच होतं. अरे, मग बोलायचं होतंस ना! मी चिडले असते, भांडले असते, पण बोलायचं होतंस.

अजून एक, कारण दर सुट्टीत कोणीतरी विचारतं की आपल्या किनाऱ्यावर जंप करता आली तर काय मजा येईल. परवानग्या वगैरे बाजूला ठेवा, आधी नुसता वारा बघा. दुपारी खारे वारे, म्हणजे उतरायचं तर तोंड समुद्राकडे, थोडं पुढे गेलात तर पाण्यात, थोडं मागे राहिलात तर सुरूच्या बनात. सकाळी मतलई वारे असताना समुद्र शांत दिसतो म्हणून लोकांना ते सोपं वाटतं, पण तेव्हा वारा झाडांवरून येतो, आणि अडथळ्याच्या उंचीच्या दहा ते वीस पट अंतरापर्यंत हवा खवळलेली असू शकते. १५ मीटरचं सुरू धरा, म्हणजे दीडशे ते तीनशे मीटर. भरतीला आपला किनारा तेवढा रुंद असतो का सांगा. आणि पाणी मैलभराच्या आत असेल तर अंगावर फ्लोटेशन हवंच. हे सगळं ज्याला वरून वाचता येतं त्याने खुशाल स्वप्न बघावं, मी पण बघते.

तर बाळा, तू हे वाचतोयस हे मला माहितीये. रागावलास तर रागाव. मी नोव्हेंबरात परत जातेय, पहिल्या दिवशी सकाळी पाच हॉप अँड पॉप, नंतर कॅनोपी कोच आहे दोन दिवस, त्याला मी आधीच सांगून ठेवलंय की अजून एकजण येईल. तुला १९० भाड्याने मिळेल, विचारून ठेवलंय. तुझं नाव टाकू का ते सांग.