आयएसएसएन आहे म्हणून जर्नल चांगलं? कोण म्हणतं!

पीएचडीवाल्यांच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय: "पेपर गूगल स्कॉलरवर दिसतोय, जर्नलला आयएसएसएन, डीओआय, इम्पॅक्ट फॅक्टर आहे, यूजीसी अप्रूव्ड आहे, तर डोळे झाकून संदर्भ द्या. फुकटातली जर्नल्स टाळा." यातलं एकही धड नाहीये.

आयएसएसएन म्हणजे जर्नलचा ओळख क्रमांक, गाडीची नंबर प्लेटच, ड्रायव्हरला गाडी येते का ते त्यावरून कळत नाही. डीओआय, म्हणजे पेपरचा ऑनलाइन ओळख क्रमांक, त्याचंही तेच.

गूगल स्कॉलर, म्हणजे गूगलचं पेपर शोधायचं इंजिन, ते तर मशीन आहे, जे सापडेल ते गोळा करतं. 2010 मध्ये सिरिल लाबे या फ्रेंच संशोधकाने आयक अँटकारे नावाचा शास्त्रज्ञ चक्क मनाने तयार केला, कॉम्प्युटरकडून शंभरेक निरर्थक पेपर लिहून घेतले, सगळे एकमेकांना संदर्भ देणारे, आणि स्कॉलरच्या आकड्यांवर या नसलेल्या माणसाचा एच-इंडेक्स (पेपर किती आणि त्यांना संदर्भ किती, यावरून काढलेला आकडा) गेला 94 वर, आइन्स्टाइनच्याही पुढे! बोला आता.

इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या पेपरना सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा, बघायचाच तर तो काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीच्या यादीत बघा, जर्नलच्या होमपेजवर नाही. तिथे "ग्लोबल" वगैरे लावून कुठलाही आकडा चिकटवलेला असतो, आणि त्याच पानावर "तीन दिवसांत रिव्ह्यू" (म्हणजे तज्ज्ञांकडून पेपरची तपासणी), एकाच अंकात नर्सिंग, संस्कृत, सिव्हिल इंजिनिअरिंग सगळं. असं दिसलं की टॅब बंद करायचा.

राहिलं यूजीसी अप्रूव्ड. अहो, 2018 च्या मे महिन्यात यूजीसीनेच (विद्यापीठ अनुदान आयोगानेच) आपल्या मान्य जर्नल्सच्या यादीतून 4,305 जर्नल्स काढून टाकली, मग 2019 ला तिच्या जागी केअर लिस्ट ही नवी यादी आली, तीही फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झाल्याचं जाहीर झालं. म्हणजे आज कोणी हा शिक्का मिरवत असेल तर तो जुना तरी आहे नाहीतर खोटा. वर खऱ्या जर्नलचं नाव आणि आयएसएसएन चोरून डुप्लिकेट साइट काढणारे आहेतच, त्यामुळे लिंक नीट बघून घ्या.

आणि फुकट म्हणजे फालतू हे कोणी सांगितलं? बंगळुरूचं करंट सायन्स कोणालाही फुकट वाचता येतं. यूजीसीच्या त्या जुन्या यादीचं पितळ 2018 मध्ये उघडं पाडलं ते त्यातच, पुण्याचे संशोधक भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी. विद्यापीठांनी सुचवलेली 1009 जर्नल्स तपासली, 88 टक्क्यांच्या वर निकृष्ट निघाली. तीही "अप्रूव्ड" यादीतलीच की.